गोळ्या चालू आहेत, मग बोलून काय होणार?

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त एसटी वाहकांचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांची 26 वर्षांची मुलगी पुण्यात एका आयटी कंपनीत रात्रपाळीला काम करायची. दोन वर्षांपूर्वी काही महिने ती खोलीबाहेरच पडेना. तेव्हा ‘कामाचा ताण’ म्हणून जवळच्या डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. मागच्या दिवाळीच्या तोंडावर सगळं उलट झालं. झोप तीन तासांवर आली, बोलणं थांबेना. क्रेडिट कार्डावर सगळ्या आत्या-मावश्यांसाठी पैठण्या मागवून झाल्या, आणि कंपनी कशी चालवावी हे सांगणारी मेल मध्यरात्री मॅनेजरला गेली. रुग्णालयात ठेवावं लागलं. बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे मन कधी खोल नैराश्यात तर कधी अति उत्साहात जाण्याचा आजार, असं निदान झालं, मन स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध सुरू झालं. आता ती गावी आहे, शांत आहे आणि पुण्याला परत जायचं म्हणते. डॉक्टरांनी सायकोथेरपी सुचवली आहे. वडील लिहितात: “गोळ्या चालू आहेत, मग बोलून काय होणार? एका बैठकीचे हजार-बाराशे रुपये. आम्ही घरी बोलतोच की. रोज रात्री मी स्वतः गोळी देतो, तोंड उघडून दाखवायला लावतो. मोबाइल माझ्याकडे असतो. तरी म्हणते, ‘बाबा, आजारापेक्षा तुमचाच त्रास जास्त होतो.’ हिची आई म्हणते, नवरात्रातच ती पहाटे चारला फोन करून घराच्या रंगकामाचे बेत सांगायची. आम्हाला वाटलं, पोरगी खुशीत आहे. आता आईचं मत पडतं की लग्न करून द्यावं, म्हणजे ठीक होईल. थेरपी किती महिने केली की पूर्ण बरी होईल, आणि त्यातली कोणती चांगली, एवढं सांगा.”

सस्नेह नमस्कार.

तुमचा सगळा प्रश्न ‘आम्ही घरी बोलतोच की’ या वाक्यावर उभा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. थेरपी म्हणजे मन मोकळं करणं, आणि त्यासाठी घरची माणसं आहेतच, असं तुम्ही धरून चालला आहात. बहुतेक घरांत हाच समज असतो. पण बायपोलरमध्ये ज्या मानसोपचारांचा उपयोग अभ्यासांतून दिसला आहे, त्यांत मन मोकळं करण्याचा भाग थोडा आणि शिकण्याचा भाग मोठा असतो.

बार्सिलोनामध्ये फ्रान्सेस्क कोलोम, एदुआर्द व्हिएता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 120 रुग्णांवर एक अभ्यास केला. तो 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्यांच्या गोळ्या चालू होत्या आणि सगळे त्या वेळी स्थिर होते, म्हणजे आज तुमची मुलगी आहे त्याच अवस्थेत. निम्म्यांना गटात बसवून 21 बैठकांत त्यांचा आजार शिकवला: तो कसा येतो, गोळ्या काय करतात, येण्याच्या खुणा कशा ओळखायच्या, दिनक्रम कसा लावायचा. उरलेल्यांच्याही 21 बैठका झाल्या, पण त्यांना अभ्यासक्रम नव्हता. गटात बसून आपापसांत बोलायचं, एवढंच. दोन वर्षांनी पाहिलं तर नुसतं बोलणाऱ्या गटातल्या 92 टक्के लोकांना आजाराने पुन्हा गाठलं होतं. शिकलेल्या गटात हे प्रमाण 67 टक्के होतं.

आकडे वाचून घाबरू नका. त्यांत सौम्य एपिसोडही (आजाराचे झटकेही) मोजलेले आहेत, दर वेळी रुग्णालय गाठावं लागलं असा त्याचा अर्थ नाही. पण ते दोन्ही आकडे बघितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. गोळ्या दोन्ही गटांना होत्या, म्हणजे नुसत्या गोळ्यांवर भागलं नाही. बोलणंही दोन्ही गटांत झालं, म्हणजे नुसत्या बोलण्यानेही भागलं नाही. आणि शिकूनसुद्धा निम्म्याहून जास्त लोकांना एपिसोड आलेच. म्हणून ‘किती महिन्यांत पूर्ण बरी होईल’ या प्रश्नाला मी तुम्हाला महिने सांगू शकत नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून सावध राहा. हा मधुमेहासारखा सांभाळायचा आजार आहे. एपिसोड लांबवणं, आलाच तर लवकर पकडणं, तो छोटा ठेवणं आणि मधल्या काळात तिने तिचं आयुष्य नीट जगणं, यासाठी थेरपी असते. हे होऊ शकतं. बायपोलर असलेली माणसं नोकऱ्या करतात, संसार करतात, मुलं वाढवतात.

थेरपी गोळ्यांच्या जागी येत नाही. वरचे आणि खाली सांगणार आहे तेही अभ्यास औषधं घेणाऱ्या रुग्णांवरच झाले आहेत. मुलगी उद्या ‘आता थेरपी चालू झाली, गोळ्या बंद करते’ म्हणाली तर तो निर्णय मनोविकारतज्ज्ञांच्या समोर बसूनच व्हायला हवा. लिथियम एकदम बंद केलं तर उन्माद, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर आली तशी अवस्था, परत येण्याचा धोका असतो.

आणि गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर एक विचारते. तुम्ही रोज तिचं तोंड तपासता, पण रक्तातली लिथियमची पातळी शेवटची कधी तपासली, याचा पत्रात उल्लेख नाही. लिथियम उपयोगी पडण्याची पातळी आणि त्रास देण्याची पातळी यांत अंतर फार कमी असतं. म्हणून ठरावीक काळाने रक्ताची तपासणी लागते. किडनी आणि थायरॉइडवरही लक्ष ठेवावं लागतं. जुलाब-उलट्या झाल्या, उन्हात घाम फार गेला, निर्जळी उपास केला किंवा जेवणातलं मीठ एकदम तोडलं तर पातळी वाढू शकते. पाठदुखीला म्हणून दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळीही ती वाढवते. हात जोरात थरथरणं, उलट्या, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणखी एक: दोन वर्षांपूर्वीच्या नैराश्याच्या गोळ्यांची पाकिटं घरात असतील तर काढून टाका. बायपोलरमध्ये नुसती नैराश्याची गोळी दिली तर काही जणांत ती उन्मादाकडे ढकलते. उद्या ती पुन्हा उदास दिसली म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणू नका.

आता तिच्या आईला आठवलेला तो पहाटे चारचा फोन. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तीच आहे. पैठण्या आणि मॅनेजरची मेल हा एपिसोडचा शेवटचा भाग होता. सुरुवात नवरात्रात झाली होती, आणि मध्ये काही आठवडे हातात होते. बहुतेक रुग्णांत या खुणा दर वेळी साधारण त्याच असतात, फक्त त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. इंग्लंडमध्ये मँचेस्टर भागात 69 रुग्णांवर झालेल्या आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमकं एवढंच शिकवलं होतं: आपल्या खुणा ओळखायच्या आणि दिसल्या की मदत कुठे मागायची ते आधीच ठरवून ठेवायचं. 7 ते 12 बैठका. तेवढ्यानेही उन्मादाचा पुढचा एपिसोड बराच लांबला. नैराश्यावर मात्र त्याचा परिणाम दिसला नाही. नैराश्य हळूहळू शिरतं, ते असं पकडणं अवघड असतं.

हे काम थेरपिस्टकडे नीट होईल, पण सुरुवात घरी करता येते. एक वही घ्या आणि लिहू द्या तिलाच. तुम्ही आणि आईने फक्त आठवेल ते सांगायचं. तुमच्या पत्रावरून मला पहिलं पान साधारण असं दिसतं: सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप, आणि तरी थकवा नाही. भलत्या वेळी फोन. एकाच दिवसात तीन नवे बेत. समोरच्याचं बोलणं मध्येच तोडणं. याच्या खाली, यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर काय करायचं तेही लिहायचं: त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, रात्रीचे कार्यक्रम रद्द, चहा-कॉफी कमी, आणि पाच हजारांच्या वरचा कोणताही खर्च 48 तास थांबवून दोन माणसांना विचारून मगच. रक्कम तिने ठरवायची. पुढच्या पानावर उदासीच्या खुणा: अंघोळ टाळणं, मैत्रिणींचे मेसेज न वाचता ठेवणं, सगळ्याला ‘नंतर बघू’.

एक काळजी घ्या. पोरगी खळखळून हसली, मैत्रिणीच्या हळदीत नाचली, एक रात्र सिनेमा बघत जागली, की घरात लगेच भुवया वर जातात. आनंद म्हणजे आजार नव्हे. एकेकटी खूण पकडून तिला टोकत राहिलात तर ती तुमच्यापासून खुणा लपवायला शिकेल. वहीत जे लिहिलंय त्याबद्दलच बोला.

आता तुम्हाला थोडं जड जाईल असं लिहिते. तुम्ही रात्र-रात्र जागलात, रुग्णालयाच्या बाकावर बसलात, तिला त्या अवस्थेत पाहिलंत; ती भीती अजून गेलेली नाही आणि म्हणून तुम्ही पहारा देताय, हे मला समजतं. पण 26 वर्षांच्या मुलीला रोज तोंड उघडून दाखवायला लावणं हे फार काळ चालणार नाही. बोचरी टीका, वैर किंवा अति काळजीने चहूकडून वेढून घेणं हे ज्या घरात जास्त, तिथे हा आजार जास्त वेळा उलटतो, हे संशोधनात दिसलं आहे. घरच्यांमुळे आजार होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. आजाराने घर घाबरतं, घाबरलेलं घर आवळतं, आणि आवळलेल्या माणसाचा ताण वाढतो, असं ते चक्र असतं.

डेव्हिड मिक्लोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यावरच कुटुंबकेंद्री थेरपी उभी केली. नऊ महिन्यांत 21 बैठका, आणि त्यांना रुग्ण, आई-वडील, नवरा-बायको जे घरात आहेत ते सगळे बसतात. आधी आजार समजून घेणं, मग एकमेकांशी बोलण्याचा सराव, मग घरातले प्रश्न सोडवायची रीत. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 101 रुग्णांच्या अभ्यासात, दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण ही थेरपी घेतलेल्यांत 35 टक्के, तर कुटुंबाला दोनच माहितीपर बैठका आणि गरजेपुरती मदत मिळालेल्यांत 54 टक्के होतं. म्हणजे डॉक्टरांनी सुचवलेली ही सायकोथेरपी मुलीला एकटीला दारात सोडून येण्याची गोष्ट नाही. तुम्हा दोघांनाही त्यात जागा आहे.

सरावाचा एक नमुना देते. आठवड्याच्या गोळ्यांचे सात कप्पे असलेली डबी औषधाच्या दुकानात मिळते. रविवारी तिनेच ती भरायची आणि फ्रिजवर ठेवायची. रात्री नऊनंतर कप्पा भरलेला दिसला तर, “गोळी घेतलीस का? दाखव तोंड,” याऐवजी, “आजचा कप्पा भरलेला दिसतोय, राहिली का?” एकदाच विचारायचं आणि थांबायचं. ती चिडली तर लगेच आजारावर नेऊ नका. वडील रोज टोकतात म्हणून चिडलेली मुलगी महाराष्ट्रातल्या दर दुसऱ्या घरात आहे. मोबाइलही तिचा तिला द्या. खर्चाची भीती असेल तर क्रेडिट कार्डाची मर्यादा कमी करून घेता येते, तिच्या संमतीने. कोणती खूण दिसली की कार्ड कोणाकडे जाईल, डॉक्टरांना फोन कोण करेल, दाखल व्हायची वेळ आली तर कुठे आणि काय टाळायचं, हे ती शांत असताना तिच्या तोंडून ठरू द्या आणि लिहून ठेवा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपल्या उपचारांबद्दल असं लेखी आगाऊ निर्देशपत्र करण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. तिने स्वतः नेमलेल्या माणसाने ‘आता डॉक्टरकडे चल’ म्हटलं, तर ते ऐकणं तिला पुष्कळ सोपं जातं.

पुण्याला जाऊ द्यायचं का? माझं मत: जाऊ द्या, पण रात्रपाळीला नाही. मुक्कामी गाडीवरून आल्यावर आणि लगेच पहाटेच्या पहिल्या गाडीला ड्युटी लागल्यावर अंगाचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. बायपोलर असलेल्या माणसाचं शरीरातलं घड्याळ याहूनही नाजूक असतं. झोप मोडणं हे उन्माद सुरू होण्याचं एक नेहमीचं निमित्त आहे. पिट्सबर्गमध्ये एलन फ्रँक यांनी विकसित केलेली एक थेरपी याच धाग्यावर चालते. त्यात रोजच्या पाच वेळा लिहून ठेवायच्या असतात: अंथरुणातून उठण्याची, दिवसात पहिल्यांदा कुणाशी संपर्क आल्याची, काम सुरू केल्याची, रात्रीच्या जेवणाची आणि झोपायला गेल्याची. त्या रोज शक्य तितक्या जवळपास ठेवायच्या. त्याच्या जोडीला नात्यांतल्या उलथापालथींवर काम होतं, कारण भांडण झालं, कुणी गेलं, नोकरी बदलली की या पाचही वेळा विस्कटतात. दिसायला फार साधं आहे, करायला चिकाटी लागते. तिने गावात असतानाच हे महिनाभर करून बघावं. डॉक्टरांचं पत्र घेऊन कंपनीकडे दिवसपाळी मागावी. मिळाली नाही तर दुसरी नोकरी शोधणं शहाणपणाचं, मग पगार थोडा कमी असला तरी.

आता तुमचा ‘कोणती चांगली’ हा प्रश्न. विचार आणि वर्तनावर काम करणारी सीबीटी हे नाव तुमच्या कानावर येईल. तिच्याबद्दलचे निष्कर्ष संमिश्र आहेत. ब्रिटनमध्ये 253 रुग्णांवरच्या 2006 च्या अभ्यासात सरसकट फायदा दिसला नाही. पण ज्यांना आधी 12 पेक्षा कमी एपिसोड आले होते त्यांना झाला. तुमच्या मुलीचे दोन. म्हणजे थांबण्यापेक्षा आत्ताच सुरू करण्यात फायदा आहे. 2021 मध्ये 39 अभ्यास एकत्र मांडून पाहिले, तेव्हा आजार शिकवून सराव करून घेणारी थेरपी कुटुंबासह किंवा गटात घेतलेली बरी ठरली, एकेकट्याने घेण्यापेक्षा. म्हणून नावावर अडू नका. तुमच्यासाठी मी कुटुंबासह बैठका आधी धरेन, आणि ती पुण्यात रुळली की तिच्यासाठी गट. गटाच्या बैठकीचा खर्चही सहसा कमी असतो. जिल्हा रुग्णालयाचा किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग हाही मार्ग आहे, तो कमीपणाचा मानू नका. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था 1990 पासून मानसिक आरोग्याचं काम करते आहे. अशा संस्थांकडे गटांबद्दल चौकशी करता येते.

थेरपिस्ट निवडताना आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत का ते विचारा. बायपोलरच्या रुग्णांबरोबर पूर्वी काम केलं आहे का, आमच्या मनोविकारतज्ज्ञांशी तुम्ही बोलाल का, आम्हाला बैठकीत घ्याल का, हेही विचारा. ‘गोळ्या सोडा, मी बरं करतो’ म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा, तो पदवीवाला असो की बाबा-महाराज.

लग्नाबद्दल थोडक्यात, कारण माझ्या मनात शंका नाही. लग्न हा उपचार नाही. नवं घर, जागरणं, पाहुणे, अपेक्षा, सगळं एकदम अंगावर येतं, आणि आजार लपवलेला असेल तर गोळ्याही लपवाव्या लागतात. पुढे उघड झालं की तिच्यावर फसवणुकीचा आळ येतो. असं लग्न न्यायालयात रद्द होण्यापर्यंत प्रकरणं जातात. तिला जेव्हा करायचं असेल तेव्हा, सगळं सांगून, होकार देणाऱ्याशी करावं. मूल हवं असेल तर दिवस जाण्याच्या आधी डॉक्टरांशी बोलून औषधांचा आढावा घ्यावा लागतो. विशेषतः बायपोलरमध्येच दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला घातक ठरू शकतं. तिच्या आईला एवढं सांगा की लेकीची काळजी करायला जावई आणण्याची गरज नाही, थेरपीच्या बैठकीला येऊन बसलात तरी पुष्कळ आहे.

या आजारात आत्महत्येचा धोका खरा असतो, आणि तो जास्त करून नैराश्यात किंवा उदासी आणि बेचैनी एकत्र येतात तेव्हा असतो. ती निरवानिरवीचं बोलू लागली, वस्तू वाटू लागली, तर सरळ विचारा, “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर तिला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि तिला घेऊन रुग्णालयात जा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो तुमच्याही फोनमध्ये असू द्या. तुम्हाला स्वतःला झोप लागत नसेल तर तुम्हीही त्यावर बोलू शकता.

पुढच्या तपासणीला तिघं मिळून जा. वही सोबत न्या, आणि आत गेल्यावर आधी तिला बोलू द्या. मग डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: लिथियमची पातळी आता कधी तपासायची, कुटुंबासह बैठका घेणारं त्यांच्या माहितीत कोण आहे, आणि दिवसपाळीसाठी पत्र मिळेल का.